हृदयाचा पिनकोड

मधल्या सुट्टीत आमच्या एका तरुण सहकाऱ्याने फोन पुढे केला. म्हणाला, "सर, तुमची माहिती भरा. पुढच्या दहा वर्षांत अटॅक यायची शक्यता किती, ते हे ॲप सांगतं." स्टाफरूममध्ये हशा पिकला. एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "ते खातं इज्राईलकडे आहे, फोनकडे कधी गेलं?" पण हसता हसता सगळ्यांनी आपापले आकडे टाकले. मीही टाकले. वय ४६. पुरुष. सिगारेट नाही. मधुमेह नाही. रक्तदाबाचा वरचा आकडा? माहीत नव्हता. १२० हा चांगला असतो एवढं ऐकलेलं होतं, म्हणून १२० टाकला. कोलेस्टेरॉलही अंदाजाने भरलं. पडदा हिरवा झाला. "धोका कमी."

त्या दिवशी मी हलक्या मनाने वर्गावर गेलो. रात्री मात्र झोप लागेना, कारण त्या ॲपने एक प्रश्न विचारलाच नव्हता : वडील कशाने गेले?

आमचे अब्बा धुळ्यात पॉवरलूमवर जॉबर होते. लूम बिघडला की त्यांना हाक यायची, मग दिवस असो की रात्र. १९९४ साली एका पहाटे त्यांच्या छातीत दुखू लागलं. घाम सुटला. अम्मीने ओवा दिला, शेजाऱ्यांनी सोडा आणला, "गॅस आहे, उतरेल" असं चारचौघे म्हणाले. रिक्षा मिळेपर्यंत तासभर गेला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत अब्बा गेले. वय ५१. लोक म्हणाले, वेळ भरली होती. ते खरंच आहे, त्यावर माझा ईमान आहे. पण तीस वर्षं एक प्रश्न मला सोडत नाही. अब्बांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आयुष्यात किती वेळा बांधला गेला असेल? घरात कुणालाच एकही वेळ आठवत नाही.

म्हणून त्या हिरव्या पडद्यामागे काय आहे, ते शोधायला बसलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

नब्ज पाहणारी बोटं

हृदयाची खबर घेणं ही जुनी विद्या आहे. आपल्याकडे वैद्य नाडी पाहत आणि हकीम नब्ज. आजही जळगावात आणि अक्कलकुव्यात युनानी महाविद्यालयं आहेत आणि तिथे नब्ज शिकवली जाते. या शास्त्राचा मोठा आधार म्हणजे इब्न सीना (९८०–१०३७) यांचा 'अल-कानून'. नाडीच्या ठोक्याची तपासणी त्यांनी दहा अंगांनी मांडली. ठोका केवढा, किती जोराचा, वेगाचा की संथ, नियमित की चुकणारा, रग भरलेली की रिकामी, मऊ की ताठ. त्यानंतर दोन शतकांनी, दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोत काम केलेले इब्न अल-नफीस (मृत्यू १२८८) यांनी इब्न सीनांच्याच ग्रंथावर भाष्य लिहिताना त्यांची चूक दाखवली. हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त मधल्या पडद्याच्या छिद्रांतून डावीकडे जात नाही, ते फुप्फुसांतून फिरून येतं, असं त्यांनी लिहिलं. हे हस्तलिखित पुढे विस्मरणात गेलं. १९२४ मध्ये मुहियुद्दीन तत्तावी या इजिप्शियन डॉक्टरांना ते बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं, तेव्हा जगाला त्याचं मोल कळलं.

दर शुक्रवारी व्हॉट्सॲपवर ही माहिती "आपण काय होतो" अशा थाटात फिरते. अभिमान वाटायला हरकत नाही. पण इब्न अल-नफीसांकडून घ्यायचा धडा दुसराच आहे. त्यांनी आपल्या थोर उस्तादाचं वाक्यही तपासल्याशिवाय मान्य केलं नाही. मग फोनच्या पडद्यावरचं वाक्य आपण न तपासता का मान्य करावं?

जुन्या तबीबाच्या आणि आजच्या ॲपच्या कामात एक मूलभूत फरक आहे. तबीब समोर बसलेल्या माणसाची आजची हालत सांगत असे. "पुढच्या दहा वर्षांत शंभरात सात" ही भाषा त्याच्याकडे नव्हती. ती यायला आधी शरीरातल्या गोष्टींचे आकडे व्हावे लागले. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी वापरून रक्तदाब मोजला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून वरचा आणि खालचा आकडा ऐकायची रीत दिली. तीच रीत आपल्या दवाखान्यांत अजून चालते. या आकड्यांत लवकर रस घेणाऱ्यांत अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्या होत्या. कुणाला विमा दिला तर पैसे बुडतील, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. थोडक्यात, धोक्याच्या हिशेबाची सुरुवात दयेतून कमी आणि धंद्यातून जास्त झाली.

एका गावाने दिलेलं गणित

डॉक्टरांना मात्र बराच काळ वाटत होतं की वयाबरोबर रक्तदाब वाढणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. या समजाची किंमत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मोजली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब अनेक वर्षं चढत होता आणि त्यांचे खासगी डॉक्टर नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशीच्या नोंदीत आकडा आहे ३००/१९०. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाचं आणि आमच्या अब्बांचं दुखणं एकाच जातीचं होतं. एकाचा आकडा नोंदला गेला पण कुणी वेळेत गंभीरपणे घेतला नाही, दुसऱ्याचा नोंदलाच गेला नाही.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकन सरकारने मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात एक अभ्यास सुरू केला. ३० ते ६२ वयाची ५,२०९ माणसं घेतली. बहुतेक त्या वेळी धडधाकट होती. दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करायची आणि कुणाला हृदयविकार होतो, कुणाला होत नाही, ते बघत राहायचं. आजारी माणसाकडून मागे जाण्याऐवजी निरोगी माणसाबरोबर पुढे चालायचं, ही त्यातली मोठी गोष्ट होती. १९५७ मध्ये त्यातून उच्च रक्तदाबाचा संबंध दिसला, १९६० मध्ये सिगारेटचा. १९६१ मध्ये विल्यम कॅनल आणि सहकाऱ्यांनी 'जोखमीचे घटक' हा शब्दप्रयोग रूढ केला. आज तो कुठलाही डॉक्टर सहज वापरतो. १९६७ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने हे सगळे घटक एका सूत्रात गुंफले गेले. १९९८ मध्ये साधा गुणतक्ता आला. वयाला इतके गुण, कोलेस्टेरॉलला इतके, सिगारेटला इतके, बेरीज करा आणि टक्केवारी वाचा.

म्हणजे ॲपमध्ये जादू काही नाही. तो एक गुणतक्ता आहे, बेरीज फोन करतो एवढंच. आणि त्याची टक्केवारी माझ्याविषयी नसतेच. शिक्षक म्हणून मी ती मुलांना अशी समजावतो : माझ्यासारखे आकडे असलेली शंभर माणसं एका मैदानात उभी केली, तर दहा वर्षांत त्यातल्या पाचांना झटका येईल, हे गणित सांगतं. त्या पाचांत मी आहे की उरलेल्या पंच्याण्णवांत, ते त्याला माहीत नसतं. ते ज्ञान ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच आहे.

पण त्या मैदानात उभी असलेली माणसं कोण? फ्रेमिंगहॅमची जवळजवळ सगळी माणसं गोरी, युरोपीय वंशाची होती. इतर वंशांच्या लोकांचा वेगळा गट तिथे १९९४ मध्ये जोडला गेला. तोवर त्या गावाचं गणित जगभर पोचलं होतं.

त्या मैदानात आपण नव्हतो

आपल्या लोकांना मोजण्याच्या कामात दोन नावं घ्यायला हवीत. पहिलं, सलीम यूसुफ. केरळात जन्म, बंगळूरच्या सेंट जॉन्समध्ये वैद्यकीय शिक्षण, मग ऑक्सफर्ड आणि पुढे कॅनडाचं मॅकमास्टर विद्यापीठ. त्यांच्या नेतृत्वाखालचा 'इंटरहार्ट' अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ५२ देश, पहिला झटका आलेले सुमारे १५ हजार रुग्ण आणि तुलनेला जवळपास तेवढीच निरोगी माणसं. निष्कर्ष असा की नऊ गोष्टी मिळून झटक्यांचा सुमारे ९० टक्के धोका समजावून सांगतात : तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, दारू आणि व्यायामाचा अभाव. हे सर्व देशांत आणि स्त्री-पुरुष दोघांतही खरं ठरलं. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. मधलं वय आपलं ५३, इतरांचं ५८-५९. आमचे अब्बा ५१ चे होते. "इतक्या लवकर कसे गेले" असं आम्ही म्हणत राहिलो. आपल्याकडे ते फारसं लवकर नव्हतंच.

दुसरं नाव पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांनी २००४ मध्ये आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा एक फोटो 'लॅन्सेट' या नियतकालिकात दिला. दोघंही सडपातळ. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. बाहेरून बारीक, आतून चरबीचा. ॲप वजन आणि उंची विचारतं आणि "वजन योग्य" म्हणून शाबासकी देतं, तेव्हा हा फोटो आठवावा. आपल्यासाठी काट्याहून कमरेची टेप जास्त खरं बोलते.

तंबाखूचंही तसंच. बहुतेक ॲप विचारतात, धूम्रपान करता का? आमच्या खान्देशात कितीतरी माणसं प्रामाणिकपणे "नाही" भरतील आणि गालात तंबाखूचा बार असेल. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते ते आठवीतल्या पोराला विचारा. इंटरहार्टच्याच २००६ च्या मांडणीत नुसती तंबाखू चघळणाऱ्यांचाही धोका तंबाखूला न शिवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसला. ज्या ॲपला चघळणं ठाऊक नाही, त्याचा हिरवा रंग आपल्या कामाचा नाही.

कोणत्या चौकटीत बसू?

त्या रात्री मी आणखी दोन गणकयंत्रं उघडली. एक अमेरिकेतलं, २०१३ च्या सूत्रावरचं. त्यात वंश विचारला होता : गोरे, आफ्रिकन-अमेरिकन आणि 'इतर'. मी इतर. सवयीची गोष्ट आहे, पुढे गेलो.

दुसरं ब्रिटनचं, 'क्यूरिस्क'. ते २००७ मध्ये आलं. नॉटिंगहॅमच्या ज्युलिया हिप्पिस्ली-कॉक्स आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दवाखान्यांतल्या लाखो नोंदींवरून ते बांधलं. २००८ च्या आवृत्तीपासून त्यात वंश विचारला जातो आणि आपल्या उपखंडासाठी वेगवेगळ्या चौकटी आहेत : भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. तिघांचाही धोका गोऱ्यांपेक्षा जास्त धरला जातो, पण तिघांचा सारखा नाही. मी थांबलो. ज्याला आयुष्यभर अधूनमधून "पाकिस्तानात जा" ऐकवलं गेलं, त्याला एक यंत्र अदबीने विचारत होतं, आपलं हृदय कुठल्या देशाचं? हसू आलं. अर्थात मी भारतीय भरलं. पण प्रश्न उरला. १९४७ पूर्वी एकाच ताटात जेवणाऱ्यांची हृदयं सीमेवर वेगळी झाली की काय?

तसं नाही. ब्रिटनमधले पाकिस्तानी मोठ्या संख्येने मीरपूर भागातून गेलेले, बांगलादेशी सिल्हेटचे, भारतीय बहुतांशी गुजराती आणि पंजाबी. कोण कुठल्या कामाला लागला, कारखान्यात की दुकानात, कुठल्या वस्तीत राहिला, काय खाल्लं, किती तंबाखू ओढली, कोणाला डॉक्टर वेळेवर भेटला, हे सगळं त्या तीन शब्दांत दडलेलं आहे. चौकटीवर देशाचं नाव आहे, पण आत जगण्याची हकीकत आहे. आणि खान्देशातला लूम कामगार त्या तिन्हींत नाही.

हे कळलं ते त्याच पानावरच्या पुढच्या प्रश्नाने. पोस्टकोड. हृदयाच्या तपासणीत पत्त्याचं काय काम? काम आहे. ब्रिटनमध्ये त्या पत्त्यावरून वस्तीचा वंचितपणा मोजतात. किती बेरोजगार, किती घरं दाटीची, किती जणांकडे स्वतःचं घर नाही, किती जणांकडे गाडी नाही. पीटर टाउनसेंड यांच्या नावाने तो निर्देशांक ओळखला जातो. रक्तदाब, वय, कोलेस्टेरॉल सारखं असलं तरी गरीब वस्तीतल्या माणसाचा धोका जास्त निघतो, हे आकड्यांनीच सांगितलं, म्हणून पत्ता सूत्रात आला. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने 'प्रिव्हेंट' हे नवं सूत्र दिलं. त्यात वंशाची चौकट काढून टाकली आणि हवं असल्यास पिनकोड भरायची सोय ठेवली. वंशाकडून वस्तीकडे, असा हा प्रवास आहे.

मी माझा पिनकोड टाकून पाहिला. यंत्राने अर्थातच घेतला नाही. पण आमच्या मोहल्ल्याचा निर्देशांक काढायला यंत्र कशाला हवं? बारा-बारा तासांची पाळी. कानठळ्या बसवणारी खटखट. रात्रपाळीत जागं राहायला चहा आणि पुडी. उघडी गटार, चालायला फुटपाथ नाही, बायांना फिरायला बाग नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि घरावर पत्रे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिमबहुल वस्त्यांतल्या नागरी सुविधांच्या उणिवा देशापुढे मांडल्या. तो अहवाल आपण नोकऱ्या आणि शिक्षणासाठी वाचला. तो हृदयाचाही अहवाल होता.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. शेवभाजीवरची तर्री, दावतीतला तिसऱ्यांदा घेतलेला खिचडा आणि लोणचं-पापडाचं मीठ हे महापालिकेने आपल्या ताटात वाढलेलं नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. ॲपला फक्त एक दिसते.

फोन काय करू शकत नाही

थोडं सावधगिरीचं. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नका. अमेरिकेत असं एक ॲप २०१४-१५ मध्ये लाखभर लोकांनी विकत घेतलं. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ते पट्ट्याशी पडताळलं. खरोखर उच्च रक्तदाब असलेल्या दहापैकी जवळजवळ आठ जणांना ते "ठीक आहे" सांगत होतं. मनगटावरच्या घड्याळाचंही तेच. ते ठोक्यांतली अनियमितता टिपू शकतं. रक्तवाहिनीत साचलेला अडथळा त्याला दिसत नाही, आणि आपलं घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, हे ॲपल कंपनी स्वतः सांगते. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असं काही झालं तर फोनवर ॲप नाही, १०८ लावायचा. बायांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हे दुखणं नुसता थकवा, मळमळ अशा रूपातही येतं. सोडा पाजत बसू नका.

आपल्या भागासाठी बांधलेला तक्ताही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचे २१ विभाग करून प्रत्येकाचा वेगळा तक्ता दिला. भारत दक्षिण आशियाच्या तक्त्यात येतो. त्यात एक प्रकार असा आहे की रक्त तपासायची गरजच नाही. वय, लिंग, धूम्रपान, वजन-उंची आणि रक्तदाब पुरे. आणि तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी आशाताईंकडे सरकारी तपासणी अर्ज असतो. त्यात तंबाखू, कमरेचा घेर, व्यायाम आणि आईवडिलांचा आजार विचारतात. चारच्या वर गुण आले की तपासणीला आधी पाठवायचं. म्हणजे परदेशी ॲपने मला न विचारलेला प्रश्न आमच्या गल्लीत येणाऱ्या ताईंच्या कागदावर छापलेला होता. त्या दारात आल्या की आम्ही "नंतर या" म्हणत होतो.

या वेळी मीच त्यांना थांबवलं. टेप लावली, घेर ९६. गुण भरले. म्हणाल्या, "सर, बीपी कधी मोजलं?" मी गप्प. आरोग्य केंद्रात मोजलं तेव्हा १५२/९६. दोन दिवसांनी पुन्हा, तेवढंच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं, फज्रनंतर अर्धा तास चालायला सांगितलं. रात्री तेच पहिलं ॲप उघडलं आणि १२० च्या जागी १५२ टाकले. पडदा हिरवा राहिला नाही. ॲप खोटं बोललं नव्हतं, मी त्याला खोटं सांगितलं होतं.

उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपण वाझमध्ये लहानपणापासून ऐकतो. मला वाटतं, आपल्या काळात त्या दोरीची एक जात म्हणजे रक्तदाबाचा पट्टा. आम्ही काही शिक्षकांनी वर्गणी काढून एक यंत्र घेतलं आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात टेबल टाकून बसायची परवानगी मागितली. विश्वस्त म्हणाले, "रमजान झाल्यावर बघू." मी म्हटलं, रमजानच्या आधीच हवं. ज्यांना गोळी लागेल त्यांना सहेरी आणि इफ्तारच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्या लागतील. ते विचार करून सांगणार आहेत. माझ्या यादीत पहिली नावं लूमवरच्या जॉबरांची आहेत.